दुसऱ्याच्या सहीने चाललेला बॉयलर

आमच्या घरी सध्या फरशी पुसायला जे फडकं आहे, त्याच्यावर कन्नडात ‘मी कुशल, मला अभिमान’ असं छापलेलं आहे. मूळचा तो टी-शर्ट. सरकारच्या कौशल्य चाचणीत मामाला फुकट मिळाला. बरोबर टोपीही मिळाली होती, ती शेजारच्या काकू उन्हात मिरच्या वाळवताना घालतात. आई फडकं पिळते तेव्हा ‘अभिमान’ हा शब्द बरोबर तिच्या मुठीत येतो आणि त्यातून काळं पाणी गळतं. मला ते बघवत नाही, पण मी ते फेकूही देत नाही. रोज दिसलं पाहिजे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बंगळूरच्या शिवाजीनगरात आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहतो. आमची माणसं इथे इतकी जुनी की पुण्याहून आलेले लोक आमचं मराठी ऐकून हसतात आणि विचारतात, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ मूळचे इथलेच. मामा आईला अक्का म्हणतो आणि मला पुट्टी, म्हणजे छोटी. मी सव्वीस वर्षांची आहे, कामगारांच्या एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहिते, मोर्चात घसा फोडते, तरी पुट्टीच.

शहराबाहेर, होसकोट्याच्या पुढे जीन्स धुण्याचा एक कारखाना आहे. धुवायला, वाळवायला, इस्त्रीला, सगळ्याला वाफ लागते. ती वाफ बावीस वर्षं मामाने केली. सकाळी सहाला बॉयलरपाशी उभं राहायचं, काचेच्या नळीत पाणी किती ते बघायचं, दाब किती ते बघायचं, आणि दर तासाला वहीत आकडे लिहायचे. भट्टीत भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या टाकायला वेगळा माणूस असतो. मामा आग आणि पाणी सांभाळायचा. चिमणीचा धूर बघून कांड्या ओल्या आल्यात हे सांगायचा. पाण्याचा पंप चालू असला की बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा, कान द्यायचा, मग पुन्हा तिथूनच वाक्य पुढे न्यायचा. ही सवय त्याला घरीही लागली होती. आईचा मिक्सर सुरू झाला की मामा गप्प.

बॉयलर म्हणजे घरचा कुकर नव्हे. फुटला तर भिंतीसकट माणसं जातात. म्हणून कायदा म्हणतो की त्याच्यापाशी परीक्षा पास झालेला, परवाना असलेला माणूसच हवा. कायदा बरोबर आहे. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर मला ओळखणारे लोक म्हणतील, ही काय, हिला सगळेच कायदे नकोत.

मामाकडे परवाना नव्हता. तो सातवी. परीक्षेला बसायचं तर दहावी हवी. मग बावीस वर्षं कारखाना कसा चालला? भिंतीवर एक फ्रेम होती. फ्रेममध्ये परवाना, परवान्यावर एका गृहस्थांचा फोटो. हे गृहस्थ दोन महिन्यांतून एकदा स्कूटरवरून यायचे, चहा प्यायचे, फ्रेमवरची धूळ रुमालाने पुसायचे आणि जायचे. कागदोपत्री बॉयलर ते चालवत होते. आमच्या घरात त्यांना फ्रेमवाले म्हणतात. त्यांच्या परवान्याच्या रंगीत प्रती आणखी किती भिंतींवर होत्या, त्यांनाच माहीत. याला फसवणूक म्हणायची कुणाची पद्धत नाही. याला अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. स्वल्प, म्हणजे थोडंसं, अ‍ॅडजस्ट करा, झालं.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे तीच नडली. मी शाळेत होते तेव्हाची. एकदा काचेत पाणी अर्ध्यावर दिसत होतं. सगळं ठीक. पण पंपाचा आवाज मामाला पटेना. त्याने काचेखालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडला, पाणी सोडून बघितलं, तर कळलं की नळी गाळाने तुंबलेली होती. काचेतलं पाणी जुनं, अडकलेलं. आत पाणी जवळजवळ संपलेलं. मामाने आग बंद केली, पंप बंद केला, लोकांना बाहेर काढलं आणि बॉयलर थंड होईपर्यंत कुणाला आत सोडलं नाही. तापलेल्या लोखंडावर त्या क्षणी गार पाणी गेलं असतं तर मामा मला फोटोत बघावा लागला असता. पुढच्या सुरक्षा दिनाला कारखान्याने यासाठी शाल दिली. कुणाला? फ्रेमवाल्यांना. मामाने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन हसत सांगितलं, “शाल जरा आखूड होती ग अक्का, त्यांचं पोट झाकेना.”

मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

मग परदेशातल्या गिऱ्हाईकाचं पत्र आलं. जीन्स विकत घेणारी कंपनी माणसं पाठवणार, प्रत्येक पाळीत बॉयलरपाशी उभा असलेला माणूस आणि परवान्यावरचा फोटो जुळवून बघणार. तीन महिन्यांची मुदत. मॅनेजरने मामाला बोलावून सांगितलं, “अण्णा, तुमचा परवाना आणा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तुम्ही कांड्यांच्या शेडमध्ये जा, नोकरी कुठे जात नाही.”

मामा घरी आला. आईने चहा दिला. कप हातात धरून म्हणाला, “कांड्या उचलेन ग. लाज नाही. पण काच दुसरा कोणीतरी बघणार आणि मी खाली मान घालून कांड्या टाकणार? अक्का, मला पंपाचा आवाज तर शेडमध्येही येणार.”

एवढंच त्याचं मागणं होतं. जिथे उभा होता तिथे उभं राहायचं.

आणि मी उडी मारली. कारण त्याच सुमारास सरकारने जाहीर केलं होतं की कौशल्याचा दाखला आता शाळेच्या दाखल्याच्या जागी चालेल, भरतीला चालेल, काही परवान्यांनाही चालेल. आधीच काम येत असलेल्या माणसाची चाचणी घ्यायची आणि त्याला दाखला द्यायचा. आमची संघटना कित्येक दिवस हेच ओरडत होती. मी स्वतः चार पानी पत्रक लिहिलं होतं, ‘हाताची अक्कल कागदावर आणा’. होसकोट्याच्या बस स्टँडवर उभी राहून मी ते वाटलं होतं. त्यात ठळक अक्षरांत होतं, ‘तुमचा अनुभव हीच तुमची पदवी. सरकारला तो धरावाच लागेल.’ मामाने ते पत्रक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. घामाने त्याची शाई त्याच्या खिशाला लागली.

चाचणी आयटी कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत होती. बॉयलरवाल्या माणसाची परीक्षा अशा ठिकाणी, जिथे दहा मैलांत एक चिमणी नाही. काचेची इमारत, गार हवा, जमिनीवर गालिचा. मामाने दारातच चपला काढल्या. मी म्हटलं, “मामा, घाल, इथे काढत नाहीत.” तो म्हणाला, “तू गप ग, पाय काळे आहेत.” चपलांना भट्टीची काजळी होती, पायांनाही. गालिच्यावर त्याने चवड्यांवर चालत जागा गाठली.

परीक्षक माझ्याहून लहान असावा. त्याने टॅबलेट समोर धरला. प्रश्न होता: काचेत पाणी दिसत नसेल तर सर्वप्रथम काय कराल? चार पर्याय होते. पाणी सोडीन. आग बंद करीन. वरिष्ठांना कळवीन. मास्क घालीन.

मामाने प्रश्न दोनदा वाचला. “काच खरं बोलते का खोटं, ते आधी बघेन. कॉक उघडून. ते कुठंय यात?”

“अंकल, या चारांतलंच एक.”

“पण कॉक?”

“कॉक ऑप्शनमध्ये नाही, अंकल.”

मामाने त्याच्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, काळजीने. “तुम्ही बॉयलर बघितलाय का?”

“व्हिडिओ बघितलाय.”

“आवाज कसा होता त्याचा?”

परीक्षक प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, “म्यूटवर होता.”

मागच्या रांगेतली माणसं हसली. परीक्षकाने टॅबलेट स्वतःकडे वळवला, स्वतःच ‘आग बंद करीन’वर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बघा, बरोबर आलं.” बाकीच्या प्रश्नांचंही असंच झालं. त्या केंद्रात कुणी नापास होतच नव्हतं. पास झालेल्या डोक्यामागे सरकारकडून पैसे मिळायचे, नापास करणं त्यांना परवडत नव्हतं. नंतर फोटो. सगळ्यांना पिवळं हेल्मेट आणि हातात एकच पाना, आळीपाळीने. शेजारच्या खोलीत शिलाईची बॅच होती. त्या बायकांनाही हेल्मेट घालून पाना धरायला लावला. एकीने विचारलं, “याने काय शिवू?” फोटोवाला म्हणाला, “इकडे बघा.”

मला तिथेच कळायला हवं होतं. ज्याला काही येत नाही त्यालाही तोच दाखला, आणि बावीस वर्षं आग सांभाळली त्यालाही तोच. मग तो दाखला कशाचा? पण मी काय केलं? मी मामाचा टोपी घातलेला फोटो काढला आणि संघटनेच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘विजय’. तो फोटो अजून तिथे आहे. मला स्वतःची शिसारी येते ती त्या एका शब्दाने.

दाखला आला. कोपऱ्यात चौकोनी कोड, मोबाइल धरला की मामाचा चेहरा उमटायचा आणि खाली हिरव्या रंगात ‘पडताळणी झाली’. मामाने आठवडाभर गल्लीतल्या प्रत्येकाचा मोबाइल त्याच्यावर धरायला लावला. मटणवाल्याचासुद्धा. आईने पायसम केलं. दहावीची भिंत पडली असं आम्ही समजलो.

भिंतीमागे दुसरी भिंत होती. परवान्याच्या परीक्षेच्या अर्जात दोन रकाने. पहिला शिक्षणाचा. तिथे आता आमचा दाखला चालत होता, हे खरं. दुसरा अनुभवाचा: अमुक वर्षं बॉयलरवर काम केल्याचं मालकाचं पत्र. मी मामाला म्हटलं, “हे तर सोपं.” अक्कलशून्य मी.

मॅनेजरने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. “अण्णा म्हणजे आमच्या बॉयलरचे डॉक्टर,” तो मला म्हणाला. मग पत्र टाइप करून दिलं. त्यात लिहिलं होतं, ‘सदर व्यक्ती बावीस वर्षांपासून सामान्य मदतनीस म्हणून कामावर आहे. वर्तणूक चांगली.’

“बॉयलर?” मी विचारलं.

“कसं लिहू, मॅडम? परवाना नसलेला माणूस बॉयलर चालवत होता असं मीच लिहून देऊ? उद्या मला आत टाकतील.”

“पण चालवत होता ना?”

“ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे.” त्याने मामाकडे बघून हात जोडले. “अण्णांनाही माहीत आहे. सरी, ठीक आहे, चहा घ्या.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात घोळवलंय. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणीही लिहून देत नाही, एवढ्यावर अख्खा कारखाना उभा. मी चहा घेतला नाही. मामा दोन्ही कप प्यायला, अन्न टाकू नये म्हणून.

मग मामालाच वह्या आठवल्या. भरलेल्या जुन्या वह्या, म्हणजे लॉगबुकं, कारखाना रद्दीत घालायचा. मामा त्या उचलून घरी आणायचा. “माझं अक्षर भेळेच्या पुडीत कशाला?” असं म्हणायचा. माळ्यावर तांदळाच्या पोत्यात त्या सगळ्या होत्या. आम्ही आठ वह्या काढल्या, फडक्याने पुसल्या. प्रत्येक पानावर दर तासाचे आकडे, मामाचं गोल, एकसारखं अक्षर, आणि शेवटच्या रकान्यात सही. सही फ्रेमवाल्यांची. मी ती बघितली आणि सोडून दिली. वाटलं, येत असतील चहाला तेव्हा एकदम बसून करत असतील. ‘सही करण्याआधी वाचा, वाचल्याशिवाय सही नको’ हे पत्रक कुणी लिहिलंय? मीच.

परवान्याच्या ऑफिसला जाताना बसमध्ये मामाने वह्यांची पिशवी मांडीवर घेतली होती. सहज म्हणाला, “या वह्यांनी एकदा हे ऑफिस बघितलंय.”

“कधी?”

“फ्रेमवाल्यांचा परवाना दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात गेला ना, तेव्हा त्यांना अनुभव दाखवायचा होता. मीच पिशवीत भरून दिल्या. लगेच झालं त्यांचं काम.”

कुणाही शहाण्या माणसाच्या अंगावर काटा आला असता. मला आनंद झाला. या वह्या एकदा चालल्या, म्हणजे पुराव्याला चालतात. तेव्हा दुसऱ्याचा अनुभव म्हणून चालल्या, आता ज्याचा त्याचा म्हणून चालतील. अक्षर कुणाचं ते तर डोळ्यांना दिसतंय. इतका सरळ विचार मी केला आणि मला तो फार हुशारीचा वाटला.

परवान्याच्या ऑफिसात खिडकीवरच्या माणसाने मॅनेजरचं पत्र वाचलं आणि अर्ज परत सरकवला. मी आवाज चढवला. ते मला जमतं. शेवटी आतल्या अधिकारी मॅडमनी आम्हाला बोलावलं. पन्नाशीच्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, टेबलावर डबा उघडा, त्यात चित्रान्न, लिंबाचा पिवळा भात. बोलणं सगळं कन्नडात झालं.

त्यांनी कौशल्याचा दाखला बाजूला ठेवला. “हा ठीक आहे. शिक्षणाच्या जागी धरू. अनुभव?”

मी वह्या पुढे केल्या. “हा अनुभव.”

त्यांनी एक वही उघडली. पानं उलटता उलटता थांबल्या. चष्मा वर केला. ज्यासाठी शाल मिळाली त्या दिवसाचं पान होतं. मामाने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: काच तुंबली, कॉकने तपासली, आग बंद, पंप बंद, पाणी घातलं नाही. मॅडमनी ते बोट ठेवून वाचलं.

“पाणी घातलं नाही,” त्या म्हणाल्या. “इथे शिकलेली माणसंही चुकतात. घाबरून आधी पंप चालू करतात. हे कुणी केलं?”

मामा खुर्चीत सरळ झाला. “मी.”

“काच खोटी आहे हे कसं कळलं?”

“पंपाचा आवाज, मॅडम. पोट रिकामं असलं की कसा येतो, तसा.”

मॅडम हसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मामाला त्याच्या कामाबद्दल विचारत होतं, आणि विचारणाऱ्याला उत्तर कळत होतं. मामाचा चेहरा उजळला.

“अक्षर छान आहे तुमचं.”

“सगळ्या आठ वह्यांत माझंच आहे.”

“आणि या सह्या?”

मला अजून वाटतं, मी तेव्हा त्याच्या पायावर पाय द्यायला हवा होता. पण मलाही माहीत नव्हतं. मामा त्याच उत्साहात म्हणाला, “त्याही माझ्याच. ते दोन महिन्यांतून एकदा येणार, तोवर रकाना रिकामा कसा ठेवायचा? त्यांनीच शिकवली. आता त्यांच्यापेक्षा माझी चांगली येते.”

मॅडमनी डब्याला झाकण लावलं. मग वही मिटली, दुसरी मिटली, आठही एकावर एक ठेवल्या आणि दोन्ही हातांनी आमच्याकडे ढकलल्या.

“या मी बघितल्या नाहीत,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?” मी.

“म्हणजे तुम्ही आणल्याच नाहीत. नोंद करून घेतल्या तर पहिली नोटीस यांच्या नावे निघेल. खोट्या सह्या. समजतंय का तुम्हाला?”

“आणि ज्याच्या सह्या आहेत तो? याच वह्या दाखवून तो पहिल्या वर्गात गेलाय. याच ऑफिसातून!”

“त्यांच्या नावाच्या वह्या आहेत. त्यांचा अनुभव कागदावर आहे.” आवाजात तोरा नव्हता, हेच जास्त वाईट. “मुली, मला दिसत नाही असं वाटतं का तुला? मला जे दिसतं त्यावर शिक्का मारता येत नाही.”

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सरकारी टेबलावर मूठ आपटून काही होत नाही, हात दुखतो. मामा उठून उभा राहिला होता, वह्या पिशवीत भरत होता, आणि घाबरला होता. खोट्या सह्या हे शब्द त्याने स्वतःबद्दल कधी ऐकले नव्हते. तो त्याला कामाचा भाग समजत होता, जसं भट्टीतली राख काढणं.

जाताना मॅडम मामाला म्हणाल्या, “ऐका. आजपासून स्वतःची सही करा. स्वतःचं नाव. कारखान्याचा शिक्का घ्या. नियमातली वर्षं भरली की या. मी असेन तर तोंडी परीक्षेला तुम्हाला दोन प्रश्नसुद्धा विचारणार नाही.”

किती साधा मार्ग. स्वतःची सही करा. जणू पेन मामाच्या हातात होतं म्हणजे वहीही त्याचीच होती.

परतीच्या बसमध्ये मी पेटलेली. म्हटलं, “मामा, मी तक्रार करते. फ्रेमवाला, मॅनेजर, सगळे. नावानिशी.”

“कर. मग पहिला कोण जाईल?”

“फ्रेमवाला.”

“तो फ्रेम काढेल, दुसऱ्या भिंतीला लावेल. मला कुठल्या भिंतीला लावशील?”

तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, “त्या मॅडमना काम कळतं हं. पाणी घातलं नाही, ते त्यांनीच काढलं.” त्या सगळ्या दिवसातून याने एवढंच उचललं होतं. मला त्याचा राग आला, आणि रागाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मामाची सकाळची पाळी. मी संघटनेच्या खोलीत नवं पत्रक लिहायला बसले होते. खाली टायरवाल्याचा ठोकाठोकीचा आवाज. शीर्षकाच्या पुढे जाईना. जे शब्द मी लिहीत होते, अनुभव, हक्क, कौशल्य, सन्मान, ते सगळे त्या काचेच्या इमारतीतल्या बॅनरवरही होते. त्याच रंगात छापलेले. आमचीच घोषणा त्यांनी घेतली, टी-शर्टवर छापली आणि आम्हाला घालायला दिली. आणि मी ती घालून फोटो काढला. माझ्याच शब्दांचा वास यायला लागला मला, शिळ्या चित्रान्नासारखा.

साडेअकराला मोबाइलवर मामाचा फोटो आला. लॉगबुकचं पान, त्या दिवसाचं. मामाने मॅडमचं म्हणणं शब्दशः घेतलं होतं. सहाच्या नोंदीपुढे, सातच्या, आठच्या, नऊच्या, दहाच्या आणि अकराच्या, सहाही रकान्यांत मामाची स्वतःची सही होती. कन्नडात, शाळेतल्या मुलासारखी, एकेक अक्षर वेगळं काढलेली. वहीच्या पानांना छापील नंबर असतात, म्हणून पान फाडता येत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं त्यानेच तर वह्या भरल्या होत्या.

पुढचं मला त्याने संध्याकाळी सांगितलं. बाराला मॅनेजर फेरीला आला, वही बघितली आणि आधी त्याला समजेचना. मग समजलं. “अण्णा, हे काय केलंत? गिऱ्हाईकाची माणसं हे पान बघतील!” मामा म्हणाला, “बघू देत. मीच उभा होतो.” फ्रेमवाल्यांना फोन गेला. ते पाऊण तासात स्कूटरवरून आले, इतक्या लवकर ते कधीच आले नव्हते. बाराच्या रकान्यापासून त्यांची सही सुरू झाली. खरी, त्यांच्या हातची. मामा म्हणतो, वाकडी आली. आणि मामाला कांड्यांच्या शेडमध्ये पाठवलं. मुदतीची वाटही बघितली नाही.

तो अजून तिथेच आहे. बॉयलरवर नवा परवानाधारक आलाय, वाईट माणूस नाही म्हणे. शेडमध्ये पंपाचा आवाज येतो. मामा कांडी हातात धरून मध्येच थांबतो, कान देतो. मुकादम ओरडतो. मग टाकतो.

पण तो फोटो आला तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. मी पान मोठं करून बघितलं. सहा वाजताच्या सहीत खाडाखोड होती. मामाने सवयीने फ्रेमवाल्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं होतं, मग थांबून ते खोडलं होतं आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं होतं. अर्जासोबतच्या सूचना मला पाठ होत्या. खाडाखोड असलेली नोंद ग्राह्य नाही. म्हणजे बावीस वर्षांतले ग्राह्य फक्त पाच तास.

फोटोखाली मामाने लिहिलं होतं, “पुट्टी, हे धरतील ना?”

मी लिहिलं, “धरतील.”

पत्रकातही मी हेच छापलं होतं.